खुराक पैलवानाचा, मेहनत शून्य

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव, पत्ता आणि कुत्र्याचं नाव वगळून थोडक्यात देते.

"आमच्याकडे सतरा महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे, नर. मुलाच्या हट्टापायी चाळीस दिवसांचं पिल्लू आणलं. त्याचं सगळं मुलगाच बघायचा. दहा महिन्यांपूर्वी तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि कुत्रं माझ्या गळ्यात पडलं. वजन ३९ किलो झालंय. माझे सासरे, आबा, वय ७६, त्याच्यासाठी रोज कट्ट्यावरनं अर्धा लिटर दूध आणतात, चहाबरोबर बिस्किटं देतात, रविवारी रश्श्यात भाकरी कुस्करून आणि वर हाडकं. दारात कोणी आलं की हा अंगावर उडी घेतो. फिरायला नेलं तर तोच मला फिरवतो. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू जिन्यात त्याच्या धक्क्यानं पडल्या, मनगटाला प्लास्टर आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'कुत्रं काढा' असा विषय निघाला. त्यात गेल्या रविवारी आबांनी त्याच्या तोंडातलं नळीचं हाडूक काढायला हात घातला, तर तो गुरगुरला. दात लागला नाही. मिस्टरांनी त्याला कानाला धरून ओढलं आणि चपलेनं मारलं. तेव्हापासून ते जवळ आले की तो गुरगुरतो. व्हिडिओ बघून त्यांनी एकदोनदा त्याला उताणा पाडून दाबूनही धरलं, मालक कोण ते कळावं म्हणून. पाऊस सुरू झाल्यापासून तो सारखं डोकं झटकतो, रात्री झोपत नाही. त्याच्या डोक्यातच फरक पडलाय असं मिस्टरांचं मत. आमचं पन्हाळ्याकडे शेत आहे, तिकडे सोडावं असं घरात चाललंय. मुलाला अजून सांगितलेलं नाही. कुत्रं बिघडलंय का? आणि शेतावर सोडलं तर पाप लागेल का?"

ताई,

शेताकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य परत वाचा. पाऊस सुरू झाल्यापासून तो सारखं डोकं झटकतो. तुम्ही ते जाताजाता लिहिलंय, मी मात्र तिथंच थांबले. सव्वीस वर्षं कुत्री तपासल्यावर काही वाक्यांना आपोआप वास यायला लागतो. या वाक्याला कानाचा येतो.

लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आतून झाकलेले, आणि आपल्याकडचा जुलै म्हणजे दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. ओल आत कोंडते, बुरशी धरते. आज संध्याकाळी तो निवांत पडला असेल तेव्हा शेजारी बसा, कानाची पाळी हलक्या हातानं उचला आणि वास घ्या. निरोगी कानाला फारसा वास नसतो. आंबूस वास, तपकिरी मळ, लाल झालेली कातडी, हात लागताच डोकं मागं घेणं, यातलं काही एक जरी दिसलं तरी उद्याच डॉक्टरांकडे न्या. आणि काही दिसलं नाही तरी नेऊन आणा, कारण खोल आतलं तुम्हाला दिसणार नाही. घरात कोणीतरी लसणाचं कोमट तेल सोडायला सांगेलच. सोडू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेलानं नुकसान होतं. मागच्या खेपेचे उरलेले ड्रॉप्सही नकोत.

आता तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं नाही, कुत्र्याच्या बाजूनं तो रविवार बघा. कान ठणकतोय, त्यामुळं रात्रीची झोप नाही. वर्षातलं सगळ्यात आवडतं हाडूक तोंडात आहे. एक हात येऊन ते काढायला बघतो. मग दुसरा माणूस येतो आणि नेमका दुखरा कान धरून ओढतो. त्यानंतर तो माणूस दिसला की हा गुरगुरतो. यात मला डोक्यातला फरक दिसत नाही, उलट डोकं शाबूत असल्याचंच दिसतं.

वागणं अचानक बदललं की आधी दुखणं शोधायचं, शिकवण नंतर. कान, दात, कंबर, सांधे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याला त्यांच्यासमोर चार पावलं चालवून, बसवून, उठवून दाखवा. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि ३९ किलोंचा भार त्या सांध्यांवरच येतो.

दात लागला नाही म्हणता, ते बरंच झालं. पण हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगून ठेवते. घरच्या कुत्र्याचा दात लागून ओरखडा जरी उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि डॉक्टर गाठायचा. हळद नको, चुना नको, मिरची तर नकोच. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मिळते. दंडाच्या स्नायूत घ्यायची झाली तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी डोस असतात. मधला एक राहिला तर चालेल असं समजू नये. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की त्यावर उपचार नाही.

तर, कुत्रं बिघडलंय का.

त्याचं वय मोजा. मुलगा गेला तेव्हा हा सात महिन्यांचा होता. म्हणजे कुत्र्याच्या हिशेबानं आवाज फुटायच्या, मिसरूड यायच्या वयात. सहाव्या-सातव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत चांगली शिकलेली कुत्रीसुद्धा ऐकेनाशी होतात. 'आधी ऐकायचा, आता मुद्दाम ऐकत नाही' हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि कुत्र्याचं वय विचारलं की उत्तर बहुतेक वेळा आठ महिने ते सव्वा वर्ष असं येतं. नेमक्या त्या वळणावर तुमच्याकडचा वस्ताद पुण्याला गेला.

दुसरी गोष्ट, तो चाळीस दिवसांचा असताना आणला. पिल्लू आईजवळ निदान आठ आठवडे राहायला हवं. २०१७ च्या श्वानविक्रीच्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भावंडं एकमेकांना चावतात, जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ सोडून निघून जातं, आणि तोंडाला किती जोर लावायचा हे तिथं कळतं. तुमच्या पिल्लाचा तो वर्गच बुडाला. आता त्याला इलाज नाही, पण कोणी पिल्लू आणायच्या बेतात असेल तर एवढं ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट सांगताना मला जरा हसू येतं. मी पैजेवर सांगते की तुमचा मुलगा त्याला उडी मारली की 'डाउन' म्हणायचा, आणि झोपवायचं असलं तरी 'डाउन'च. तुम्ही 'खाली बस' म्हणता. मिस्टर 'ए, गप' म्हणतात आणि आबा नुसतं 'हाड्'. कुत्र्याला भाषा कळत नाही, ठराविक आवाज आणि त्यानंतर काय होतं एवढंच कळतं. चार जणांचे चार आवाज झाले की त्याला तो सगळा मंडईतला गलका. आज रात्री कागदावर पाच शब्द लिहा आणि फ्रिजवर लावा: ये, बस, थांब, सोड, जागेवर. एका शब्दाला एकच अर्थ. पुण्याच्या पोराच्या फोनवरसुद्धा तो कागद पाठवा.

आणि उडीचं म्हणाल, तर ती तुम्हीच शिकवलीय. चार किलोचं पिल्लू पायावर चढलं तेव्हा सगळ्यांनी उचलून घेतलं, फोटो काढले. उडी मारली की माणूस खाली वाकतो, बोलतो, हात लावतो, हे त्याचं पक्कं झालं. नियम बदललाय हे त्याला कोणी कळवलंच नाही. आता 'अरे अरे, नको' म्हणत तुम्ही त्याला दोन्ही हातांनी ढकलता, आणि त्याच्या लेखी तोही खेळच.

आता खुराकाकडे येते. इथं माझं भांडण आबांशी आहे, आणि ते प्रेमानं करायचं आहे.

तालमीत पोरगं घातलं की खुराक आणि मेहनत बरोबरीनं चालते हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. दूध, बदाम, थंडाई, पण त्याआधी जोर-बैठका आणि माती. तुमच्या घरी खुराक पैलवानाचा आहे आणि मेहनत शून्य. तीस-बत्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला साधारण १३०० ते १५०० कॅलरी पुरतात. म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजेच पाचशेच्या आसपास. म्हणजे दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा सकाळी सातलाच पोटात गेला, आणि जेवण अजून व्हायचंय. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. सारखी पातळ शी होत असेल तर आधी ते बंद करून बघा.

"पण तो मागतो हो," असं आबा म्हणतील. मागणारच. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉरमधला एक जनुकीय बदल दाखवून दिला. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये तो असतो, आणि अशा कुत्र्याला खाण्याची ओढ जास्त असते, वजनही वाढतं. म्हणजे त्याचे ते काकुळतीचे डोळे भूक दाखवत असतीलच असं नाही. मात्र हीच खादाडी शिकवताना तुमच्या कामाची आहे. खाण्यासाठी लॅब्रॅडॉर काहीही शिकतो.

वजन ओळखायची साधी खूण. हाताची मूठ करा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा: नुसतीच हाडं लागतात, इतका तो वाळका नको. हात उलटा, सपाट करून मागच्या बाजूवरून फिरवा: हलक्या थराखाली हाडं कळतात, बरगड्या तशा लागायला हव्यात. आता तळहाताच्या गादीवरून फिरवा. तुमचा बहुतेक इथं असेल. वरून बघितलं तर बरगड्यांनंतर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. उपाशी ठेवू नका. आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास उतरत गेला तर साडेतीन-चार महिन्यांत बत्तीस-तेहतीसवर येतो. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या काट्यावर उभा करा. फुकट असतं ते, आणि डॉक्टरांच्या नुसत्या वासानं घाबरणारं कुत्रं सुई न टोचता दोन-चारदा जाऊन आलं की त्याची भीतीही जाते.

रश्श्याचं मात्र कडक सांगते. तांबडा काय, पांढरा काय, दोन्हीत कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोपर्यंत रविवारचा रस्सा सगळे विसरलेले असतात. शिजलेलं हाड तुटताना टोकदार होतं, आतड्यात अडकतं, नाहीतर चुऱ्याचा दगड होऊन शी अडते. अशा कुत्र्यांच्या पोटावर मी स्वतः टाके घातलेत. रविवारी मटण फोडणीला टाकण्याआधी चार बिनहाडाचे तुकडे बाजूला काढून साध्या पाण्यात उकडा, मीठसुद्धा नको. ते आबांनी त्याला द्यावेत. आबांचं देणं बंद करायचं नाही, देण्याची वस्तू बदलायची. सकाळी दूध आणायला जातात, त्याऐवजी त्यांच्या ताटलीत गाजराचे तुकडे नाहीतर काकडी ठेवा. कुत्र्याला द्यायचा आनंद आबांना तेवढाच मिळतो. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे यांतलं काही नको. आणि माणसाच्या तापाची, अंगदुखीची गोळी कधीही नाही. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हाताला गरम लागलं म्हणून लगेच ताप समजू नका.

बाकी आरोग्याचं पटकन सांगते, कारण ते तुमच्या फाइलवर लिहिलेलं असणार. रेबीजची लस वर्षातून एकदा, बाकीच्या लसी डॉक्टरांच्या तारखेप्रमाणे, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. पावसात गोचीड कानामागं, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघा. गोचीड ताप झालेलं कुत्रं आधी फक्त जेवण सोडतं आणि सुस्त पडतं, मग फार उशीर होतो. पंचगंगेचं पाणी वर येतं त्या दिवसांत त्याला साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा आजार कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही. रंकाळ्यावर नेलंत तर हिरवी साय धरलेलं पाणी पिऊ देऊ नका.

आता मेहनत. ती म्हणजे पाच किलोमीटर पळवणं नव्हे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, आणि त्यात त्याला हुंगू द्या. आपल्याला वाटतं कुत्रं वेळ काढतंय. हुंगणं हीच त्याची मेहनत आहे. अर्धा तास मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन लोळण घेतं. घरातही जेवणाचे दाणे ताटात ओतण्याऐवजी गच्चीवर विखरून टाका, जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या. पंधरा मिनिटं नाक खाली घालून राबेल.

ओढण्यावर एकच नियम: पट्टा ताणला की तुमचं पाऊल थांबलं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, खांबासारखं उभं राहायचं. पट्टा ढिला झाला की चालायचं. पहिल्या दिवशी फ्लॅटपासून गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागतील आणि वॉचमन बघत बसेल. बघू दे. मात्र मुलानं नेलं आणि ओढू दिलं, मिस्टरांनी नेलं आणि ओढू दिलं, तर तुमचे वीस दिवस पाण्यात. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. ओढला की तो आपोआप तुमच्याकडे वळतो. काटेरी किंवा आवळणारी साखळी नको.

दाराचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचं सगळं दुखणं दारात आहे.

जुनं घोंगडं घ्या. हॉलमध्ये दारापासून सहा-सात फुटांवर अंथरा. पहिले तीन दिवस बेल वाजवायचीच नाही. घोंगड्यावर एक दाणा टाका. तो खायला पाय ठेवेल, पाय ठेवताच 'जागेवर' म्हणा आणि आणखी दोन दाणे. उठून गेला तर जाऊ द्या, परत आला की परत दाणा. त्याच्या रोजच्या जेवणातले मूठभर दाणे यासाठी आधीच बाजूला काढायचे, म्हणजे जास्तीचं खाणं होत नाही. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. चौथ्या दिवसापर्यंत तुम्ही घोंगड्याकडे नुसतं बघितलंत तरी हा जाऊन बसेल. मग तुम्ही दाराची कडी काढायची, लावायची. बसून राहिला की दाणा. मग दार उघडायचं. मग आबांना बाहेर पाठवायचं आणि बेल वाजवायला सांगायची. बेल वाजली, 'जागेवर', तो गेला, पाच-सहा दाणे, मग आबा आत. आबा रोज दहा वेळा पाहुणे होतील. माझ्या अनुभवात या कामाला घरातली म्हातारी माणसं सगळ्यात उपयोगी, त्यांना घाई नसते.

पंधरा दिवसांनी खरे पाहुणे. तोवर कोणी आलं तर त्याला पट्ट्यानं खिडकीच्या गजाला बांधा नाहीतर आतल्या खोलीत ठेवा. हे लपवणं नाही. चुकीच्या उडीची आणखी एक पाळी त्याला मिळू देत नाही, इतकंच.

हाडकाचं उत्तरही असंच खाण्यातून निघतं. कुत्र्याच्या तोंडातलं हिसकावलं की तो शिकतो, हात आला की वस्तू गेली. त्याला उलटं शिकवायचं: हात आला की जास्त चांगलं आलं. सुरुवात रबरी खेळण्यापासून करा. तो ते चघळत असताना हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाजवळ न्या, 'सोड' म्हणा. तो तुकडा खाईल. पहिले काही दिवस खेळण्याला हात लावू नका. मग हात लावा आणि परत द्या. दहातल्या नऊ वेळा परत मिळतं हे पटलं की दहाव्या वेळी खरी चप्पल सोडतानाही त्याला जड जाणार नाही. ताटाशी आबांनी इतकंच करावं: जवळून जाताना एक तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढं जायचं. तो जेवत असताना ताटात हात घालून 'बघू गुरगुरतो का' ही परीक्षा कोणीही घ्यायची नाही. आपलं ताट कोणी असं ओढून बघितलं तर आपण तरी काय म्हणू.

आता मिस्टरांसाठी दोन शब्द. त्यांना चिडून सांगू नका, कारण त्यांनी जे केलं ते बरेच जण करतात. उताणं पाडून दाबायची कल्पना आली ती लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. जागा थोडी, त्यामुळं भांडणं, वरचा-खालचा. त्यावरून 'कळपाचा म्होरक्या' सगळीकडे पसरला. पुढं लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेकडल्या एल्समीअर बेटावर रानातले लांडगे कित्येक उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथं म्होरकेपणासाठी मारामारी चालत नाही. आणि कुत्रं म्हणजे लांडगाही नव्हे.

गुरगुरणं बंद करायला बघू नका. ती कुत्र्याची पाटी आहे, 'पुढे खड्डा आहे'. पाटी काढून टाकली तर खड्डा बुजत नाही. मारून गुरगुरणं थांबवलेली कुत्रीच पुढं 'काही न सांगता चावली' म्हणून माझ्याकडे येतात. मिस्टरांनी कान बरा होईपर्यंत त्याच्यावर वाकू नये, तोंडावर हात नेऊ नये. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर खुर्चीत बसून, त्याच्याकडे न बघता, जेवणातले दहा-बारा दाणे एकेक करून जमिनीवर टाकावेत, एवढंच. दोन-तीन आठवडे. तो स्वतःहून गुडघ्याला टेकला की मग छातीखाली खाजवावं, डोक्यावरून नाही. गुरगुर वाढली, किंवा खरंच दात लागला, तर मग घरगुती उपाय पुरे; पशुवैद्याच्या सल्ल्यानं वर्तन बघणारा जाणकार गाठा. ट्रेनर ठेवणार असाल तर त्याला एक प्रश्न विचारा: कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता? उत्तर ऐकून ठरवा. महिनाभर कुत्रं घेऊन जातो आणि शिकवून आणून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, कारण शिकायचंय तुमच्या घरानं.

नसबंदीनं तो शांत होईल का असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेल. माद्यांमागं पळणं, जागोजागी पाय वर करणं कमी होतं. उडी आणि ओढणं कमी होत नाही. करायला हे वय ठीक आहे, मात्र नंतर भूक वाढते आणि गरज घटते, म्हणजे ताट आणखी आखूड.

शेजारच्या काकूंकडे तुम्ही गेला होतात का, हे पत्रात नाही. कुत्र्याशिवाय जा. औषधाचा, प्लास्टरचा खर्च विचारून द्या. सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. पण मीटिंगमध्ये आधी तो कागद काढलात तर माणसं तुटतील. आणि निष्काळजीपणानं जनावर मोकळं ठेवून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावरही कारवाई होऊ शकते, म्हणजे कायदा दोन्हीकडून आहे. तुम्ही मीटिंगमध्ये आपण काय करणार ते सांगा: जिन्यात आखूड पट्टा, त्याला भिंतीकडे ठेवून चालणार, कोणी समोर आलं तर आम्ही पायरीवर थांबणार, शी आम्ही उचलणार. दीड महिन्याची मुदत मागा. चाळीस किलोंचं कुत्रं धक्का मारून पाडतं ही त्यांची तक्रार खोटी नाही.

आता शेत.

पाप-पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही. मी इतकंच विचारते, शेतावर रात्री कोण असतं? 'तिकडे मोकळा राहील' असं म्हणून पाठवलेली कुत्री आठवड्याभरात गोठ्याच्या खांबाला दिसतात, कारण मोकळी सोडली की ती शेजाऱ्याच्या कोंबड्यांत शिरतात. कुत्र्याला आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, फिरवायलाही न सोडणं, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. शिवाय डोंगरकडेला बिबट्या, उंदरांना घातलेलं विष, डुकरांसाठी लावलेली फासकी. मुधोळ नाहीतर कारवान जातीचं कुत्रं त्या रानाला सरावलेलं असतं, लांब पायांचं, हडकुळं, उन्हात पळणारं. तुमचा लॅब्रॅडॉर मुळात न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात मासेमाऱ्यांसाठी जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. त्याला दुहेरी केसांचा कोट आहे आणि चोराला बघून तो शेपूट हलवेल. शेत राखायला तो कुचकामी, आणि शेतावर माणसाशिवाय तो झुरेल.

नाहीच झेपलं, तर दुसरा रस्ता आहे: ओळखीच्या, घरी माणसं असणाऱ्या, लहान मूल नसलेल्या घरी देणं, आणि देताना गुरगुरण्याची गोष्ट न लपवता सांगणं. त्यात कमीपणा नाही. पण ते कान बरा झाल्यावर आणि दीड महिना रेटून बघितल्यावर ठरवा, रविवारच्या रागात नको. आणि मुलाला आजच सांगा. तो आल्यावर रिकामी साखळी दिसण्यापेक्षा ते बरं.

गणपतीला तो येईलच. इतक्या महिन्यांनी दोस्त भेटणार म्हणून दारातच गुडघ्यावर बसून हात पसरेल, कुत्रं त्याच्या छातीवर झेप घेईल, दोघंही लोळतील, आणि तुमची दीड महिन्याची घोंगडीवरची मेहनत एका मिनिटात जिन्याखाली. त्याला पुण्याहून निघतानाच फोन करा. बेल वाजव, आत ये, बॅग ठेव, हात खिशात आणि नजर भिंतीवर, चारी पाय फरशीवर टेकेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. टेकले की मग काय लोळायचं ते लोळ.